८९ गुण म्हणजे नेमकं काय? 'सायलेंट हिल २'च्या समीक्षेचा इतिहास

सिनॉप्सिस वाचायला घेतल्या की एक वाक्य हमखास सापडतं: 'या कलाकृतीचं समीक्षकांनी उत्साहाने स्वागत केलं.' पुढे एखादा आकडा, एखादा पुरस्कार, आणि परिच्छेद संपला. पण व्हायवाला समोरच्याने सरळ तीन प्रश्न विचारले, की कोणत्या समीक्षकांनी, कधी आणि नेमकं कशाचं स्वागत केलं, तर या वाक्यात हाताला काहीच लागत नाही. 'स्वागत' ही एका दिवसात घडून संपलेली घटना नसते. तिला स्वतःचा इतिहास असतो आणि तो शोधावा लागतो.

हा इतिहास कसा शोधायचा, हे आज एका व्हिडिओ गेमच्या उदाहरणावरून बघू. गेम आहे 'सायलेंट हिल २'. जपानच्या कोनामी कंपनीने २००१ मध्ये काढलेला, मानसशास्त्रीय भयपटाच्या वळणाचा, एका यशस्वी गेमचा दुसरा भाग. हे उदाहरण निवडायचं कारण सोपं आहे. या एकाच कथेचं जाहीर मूल्यमापन तीन वेळा झालं: २००१ मध्ये मूळ गेमचं, २०१२ मध्ये त्याच्या एचडी आवृत्तीचं आणि २०२४ मध्ये रीमेकचं. एकाच नमुन्याचं तीनदा मोजमाप झालेलं असावं, अशी संधी मानव्यविद्यांमध्ये फार वेळा मिळत नाही.

(पुढे कथेचा शेवट उघड केला आहे. ज्यांना गेम खेळायचाय त्यांनी आधी खेळून घ्यावा.)

दोन प्रचलित गोष्टी

या गेमबद्दल वाचायला लागलात की दोन गोष्टी आलटून पालटून समोर येतात.

पहिली गोष्ट अशी: 'सायलेंट हिल २' पहिल्या दिवसापासून अभिजात मानला गेला. पुरावा म्हणून मेटाक्रिटिकवरचे प्लेस्टेशन २ आवृत्तीचे ८९ गुण दाखवले जातात.

दुसरी गोष्ट याच्या उलट: तेव्हाच्या समीक्षकांना हा गेम कळलाच नाही. लढाई जमत नाही, संवाद विचित्र आहेत, अशा तक्रारी करत ते बसले आणि खरी किंमत पुढच्या पिढीने ओळखली. यालाही पुरावा आहे. आयजीएनने १० पैकी ९ दिले खरे, पण गेमस्पॉटने आठाच्याही खाली ठेवलं आणि पहिल्या भागापेक्षा हा कमी पकड घेतो असा सूर लावला.

संशोधनाला नवीन असलेला विद्यार्थी इथे एक बाजू निवडतो आणि तिच्या बाजूची अवतरणं गोळा करायला लागतो. पण दोन विरुद्ध गोष्टींना एकाच वेळी खरा पुरावा मिळत असेल, तर बहुतेकदा आपला प्रश्नच नीट मांडलेला नसतो. 'आवडला की नाही?' असं विचारण्यापेक्षा 'कशाच्या मापाने मोजला?' असं विचारून बघू.

२००१: मोजपट्टी कोणती होती?

पार्श्वभूमी थोडक्यात. १९९६ मध्ये आलेल्या कॅपकॉमच्या 'रेसिडेंट इव्हिल'ने 'सर्व्हायव्हल हॉरर' या प्रकाराचा साचा पक्का केला: कमी गोळ्या, अवघड कोडी, बंदिस्त इमारती, अवजड हालचाल. १९९९ चा पहिला 'सायलेंट हिल' त्याच साच्यात पण वेगळ्या दिशेने गेला. हरवलेल्या मुलीला शोधणारा बाप, धुक्यात बुडालेलं गाव आणि गावामागचा एक गूढ पंथ. त्याचा दिग्दर्शक केइचिरो तोयामा नंतर कोनामी सोडून गेला. दुसरा भाग 'टीम सायलेंट' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्याच गटाने केला, पण दिग्दर्शन मासाशी त्सुबोयामाचं होतं, कथालेखन हिरोयुकी ओवाकूचं, राक्षसांचं संकल्पन मासाहिरो इतोचं आणि संगीत अकिरा यामाओकाचं.

दुसरा भाग म्हटल्यावर लोकांची अपेक्षा काय असणार? त्या पंथाचं पुढे काय झालं, त्या मुलीचं काय झालं. टीमने यातलं जवळजवळ काहीच दिलं नाही. गाव तेच, माणसं सगळी नवी. जेम्स सुंदरलँडला त्याच्या बायकोचं पत्र येतं: आपल्या त्या खास जागी मी तुझी वाट बघतेय. अडचण एकच, की मेरी तीन वर्षांपूर्वी आजारपणात वारली आहे, निदान जेम्स तसं समजतो. गावात त्याला मेरीसारखीच दिसणारी मारिया भेटते, अँजेला आणि एडी ही आपापली ओझी घेऊन आलेली माणसं भेटतात, लॉरा नावाची लहान मुलगी भेटते. आणि शेवटाकडे कळतं, की मेरीला जेम्सनेच मारलं होतं आणि ते तो विसरून बसला होता. गावातले राक्षस हे बऱ्याच अंशी त्याच्या मनातल्या अपराधाची आणि दडपलेल्या इच्छांची रूपं आहेत.

हा गेम सप्टेंबर २००१ च्या अखेरीस अमेरिकेत आणि जपानमध्ये आला, नोव्हेंबरमध्ये युरोपात. पहिल्याच महिन्यात दहा लाखांवर प्रती खपल्या.

आता समीक्षकाच्या टेबलावर जाऊ. त्या काळच्या गेम-समीक्षेत कप्पे असायचे. गेमस्पॉटचे पाच कप्पे होते: गेमप्ले, ग्राफिक्स, साउंड, व्हॅल्यू आणि 'टिल्ट', म्हणजे समीक्षकाचा स्वतःचा कल. आयजीएनचेही पाचच: प्रेझेंटेशन, ग्राफिक्स, साउंड, गेमप्ले आणि 'लास्टिंग अपील', म्हणजे गेम किती दिवस पुरेल.

या दोन्ही याद्या पुन्हा वाचा. यात 'कथा' नावाचा कप्पा कुठेच नाही.

याचा अर्थ समीक्षकांना कथा कळली नाही, असा अजिबात नाही. तेव्हाच्या समीक्षांमध्ये कथेचं, वातावरणाचं आणि आवाजाच्या वापराचं कौतुक भरपूर आहे. पण कौतुक मजकुरात राहतं आणि गुण कप्प्यांतून येतात. ज्या गेमची ताकद कप्प्यात न बसणाऱ्या गोष्टीत आहे, त्याची ताकद 'टिल्ट'मध्ये किंवा 'प्रेझेंटेशन'मध्ये कशीबशी कोंबावी लागते. उलट लढाईतला अवघडलेपणा मात्र 'गेमप्ले' या कप्प्यात चपखल बसतो आणि तिथे गुण कापले जातात. साधारण आठ तासांत संपणारा गेम 'व्हॅल्यू'मध्येही थोडा मार खाणारच. कप्पे ठरले तिथेच हा हिशोब बराचसा ठरून गेला होता. विज्ञान शाखेतल्यांना हे लगेच पटेल: यंत्र ज्या गोष्टीसाठी बनवलंय तेवढीच गोष्ट ते मोजतं.

दुसरी मर्यादा वेळेची. या गेमचा शेवट खेळाडूने निवडायचा नसतो, गेमच तो गुपचूप ठरवतो. जखमी झाल्यावर तुम्ही लगेच औषध घेता की तसेच फिरत राहता, अँजेलाने दिलेला चाकू किती वेळा काढून बघता, मेरीचा फोटो आणि पत्र बघता का, मारियाच्या जवळ राहता की तिला मागे टाकून पळता, अशा वागणुकीची नोंद आतल्या आत होत असते. त्यावरून जेम्स गाव सोडून जातो, तळ्यात स्वतःला संपवतो की मारियाला घेऊन निघतो, हे ठरतं. आणखी काही शेवट पुन्हा खेळल्यावरच उघडतात. मुदतीत लेख द्यायचा असलेल्या समीक्षकाने गेम एकदा पूर्ण केला, तर त्याला यातला एकच शेवट दिसतो. आपण बायकोचा फोटो किती वेळा पाहिला यावर आपला निकाल लागला, हे एका फेरीत लक्षात येणं कठीण आहे. गेम आपल्याला तोलतोय, हे कळायला अनेक खेळाडूंनी आपले अनुभव शेजारी शेजारी ठेवावे लागले.

एकच वैशिष्ट्य, दोन वाचनं

आता या लेखाचा मुख्य मुद्दा. २००१ च्या तक्रारी आणि नंतरचं कौतुक शेजारी ठेवलं की एक मजेशीर गोष्ट दिसते. वर्णन तेच राहतं, मूल्य बदलतं. चार उदाहरणं घेऊ.

लढाई. जेम्स खिळे ठोकलेली फळी किंवा लोखंडी पाइप घेऊन बेंगरूळपणे मारतो. वार हुकतात, कॅमेरा नको तिथे वळतो. तेव्हा हा नियंत्रणातला दोष म्हणून नोंदला गेला. नंतरच्या लिखाणात तेच वर्णन येतं, पण निष्कर्ष वेगळा: जेम्स सैनिक नाही, साधा कारकुनी माणूस आहे, त्याला मारता येत नाही हेच बरोबर आहे.

संवाद. पात्रं एकमेकांशी तुटक, अंतर ठेवून, कधी कधी संदर्भ सोडून बोलतात. जेम्सचा आवाज देणारा गाय सिही हा मुरलेला व्यावसायिक नट नव्हता. या अभिनयाबद्दल तेव्हा मतं विभागली होती. काहींना तो भावला, काहींना लाकडी वाटला. नंतर हाच तुटकपणा स्वप्नातल्या बोलण्यासारखा, डेव्हिड लिंचच्या सिनेमांची आठवण करून देणारा म्हणून गौरवला गेला.

धुकं. पहिल्या गेममध्ये प्लेस्टेशन १ ला लांबचं दृश्य रेखाटणं झेपत नव्हतं. धुक्याने ती उणीव झाकली गेली. दुसऱ्या भागाच्या वेळी यंत्राची ताकद वाढली होती, तरी धुकं राहिलं आणि आणखी दाट, हलतं झालं. २००१ मध्ये त्याचं कौतुक प्रामुख्याने ग्राफिक्सची करामत म्हणून झालं. पुढे ते जेम्सच्या आठवणीवरचं पटल म्हणून वाचलं जाऊ लागलं.

पहिल्या भागाशी तुटलेला धागा. पंथाची गोष्ट पुढे का नेली नाही, ही उणीव वाटणारे लोक तेव्हा होते. आज हीच गोष्ट धाडस म्हणून सांगितली जाते.

या चारही ठिकाणी नवीन माहिती उजेडात आलेली नाही. गेम तोच, प्रसंग तेच. २००१ चा समीक्षक म्हणत होता, 'हे दोष असूनही गेम मोठा आहे.' नंतरचा समीक्षक म्हणाला, 'याच गोष्टींमुळे गेम मोठा आहे.' 'असूनही'पासून 'मुळे'पर्यंतचा हा प्रवास म्हणजेच 'सायलेंट हिल २'च्या स्वागताचा खरा इतिहास. वर सांगितलेल्या दोन्ही प्रचलित गोष्टी त्यामुळेच अर्ध्या खऱ्या ठरतात. गौरव पहिल्यापासून होता, पण त्याचं कारण आजच्यासारखं नव्हतं.

जर्मन अभ्यासक हान्स रॉबर्ट याउस याने १९६० च्या दशकात साहित्येतिहासासाठी 'अपेक्षांचं क्षितिज' ही कल्पना मांडली. वाचक कोऱ्या मनाने पुस्तक उघडत नाही. त्याने आधी वाचलेलं, त्या प्रकाराबद्दलचे त्याचे समज, हे सगळं मिळून एक क्षितिज तयार होतं आणि नवी कृती त्यावर दिसते. क्षितिज सरकलं की तीच कृती वेगळी दिसू लागते. तेव्हा आपल्याला दाखवायचंय ते हे, की इथे क्षितिज कशामुळे सरकलं.

मधल्या वर्षांत काय बदललं?

तीन गोष्टी ठळक दिसतात.

एक, मालिकेचं पुढचं आयुष्य. २००३ मध्ये तिसरा भाग, २००४ मध्ये चौथा. त्यानंतर टीम सायलेंट राहिली नाही आणि कोनामीने पुढचे भाग बाहेरच्या स्टुडिओंकडे दिले. दरम्यान दुसऱ्या भागातला लोखंडी त्रिकोणी शिरस्त्राणाचा राक्षस, पिरॅमिड हेड, मालिकेचा चेहरा बनला. २००६ च्या 'सायलेंट हिल' सिनेमात तो आला, २००८ च्या 'होमकमिंग' गेममध्येही आला. त्यावर जाणकार चाहत्यांनी आक्षेप घेतला, की हा राक्षस जेम्सच्या अपराधाचं रूप आहे, मग जेम्स नसताना तो इथे करतोय काय? हा आक्षेप संशोधकाला सोन्यासारखा आहे. 'राक्षस म्हणजे जेम्सचं मन' हे वाचन तोवर सर्वमान्य झालं होतं, याचा तो पुरावा आहे. एखादं मत रूढ कधी झालं हे शोधायचं असेल, तर ते मोडल्यावर लोक कधी चिडायला लागले ते बघावं.

दोन, विद्यापीठं. 'गेम स्टडीज' हे संशोधन-नियतकालिक २००१ च्या जुलैमध्ये सुरू झालं, म्हणजे हा गेम येण्याच्या दोनच महिने आधी. गेम हा अभ्यासाचा विषय असू शकतो, हे तेव्हा नुकतंच बोललं जात होतं. पुढच्या दहा वर्षांत चित्र बदललं. कॅनडातल्या बर्नार्ड पेराँने भयप्रधान गेमवरच्या निबंधांचं पुस्तक २००९ मध्ये संपादित केलं आणि २०१२ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या प्रकाशनातून केवळ 'सायलेंट हिल'वर पुस्तक लिहिलं. कप्प्यांच्या समीक्षेत जागा नसलेल्या गोष्टींसाठी आता शब्द तयार झाले. खेळाडूची जबाबदारी, अविश्वसनीय निवेदक, आघाताची स्मृती हे शब्द मिळाले आणि मग त्या शब्दांत बसणारा गेम ठळक दिसू लागला.

तीन, खुद्द गेमची रचना. 'रेसिडेंट इव्हिल ४'ने २००५ मध्ये खांद्यामागचा कॅमेरा आणि चपळ नेमबाजी आणली. भयप्रधान गेम त्या दिशेने गेले. जुनी अवजड हालचाल २००१ मध्ये रोजची होती, म्हणून तिच्या तक्रारी व्हायच्या. ती दुर्मीळ झाल्यावर तिच्यात हेतू दिसू लागला.

२०१२: मूळ वस्तूच हरवली तर?

२०१२ मध्ये दुसरा आणि तिसरा भाग मिळून 'एचडी कलेक्शन' आलं. गुण सत्तरीच्या आसपास घसरले. नुसता आकडा बघणारा म्हणेल, अकरा वर्षांत गेम जुना झाला. कारण वेगळंच होतं.

हे काम करणाऱ्या स्टुडिओच्या हातात अंतिम, विक्रीला गेलेल्या गेमचा सोर्स कोड आलाच नाही. कोनामीकडे तो जपलेला नव्हता. मिळाला तो अर्धवट टप्प्यावरचा कोड, मूळ टीमने पुढे दुरुस्त केलेल्या चुकांसकट. धुकं विरळ झालं आणि त्यामागे लपवलेल्या नकाशाच्या अपुऱ्या कडा उघड्या पडल्या. एका पाटीवर कॉमिक सॅन्ससारखा बाळबोध फाँट आला आणि त्याची बरीच टिंगल झाली. आवाज नव्या नटांकडून पुन्हा रेकॉर्ड केले गेले, मात्र दुसऱ्या भागात जुने आवाज निवडायची सोय ठेवली. प्लेस्टेशन ३ साठी दुरुस्ती आली, एक्सबॉक्स ३६० साठीची रद्द झाली.

समीक्षेच्या इतिहासासाठी ही घटना फार महत्त्वाची आहे. धुकं हा अर्थाचा भाग आहे, हे आजवर फक्त म्हणणं होतं. आता धुकं काढल्यावर काय होतं ते सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. प्रयोगशाळेत आपण एखादा घटक वगळून बघतो, तसा हा नकळत झालेला प्रयोग होता. या आवृत्तीवरच्या टीकेत 'वातावरण बिघडलं' ही तक्रार मध्यभागी आहे. चाहते मग जुन्या पीसी आवृत्तीकडे वळले आणि वर्षानुवर्षं खपून तिच्या दुरुस्त्या स्वतःच करत राहिले.

आणि यातून एक साधा, पण विसरला जाणारा नियम निघतो: समीक्षा कशाची आहे ते आधी बघा. मूळ प्लेस्टेशन २ आवृत्तीला ८९, त्यानंतर आलेल्या एक्सबॉक्स आवृत्तीला ८४, पीसीला त्याहून कमी, एचडीला सत्तरीच्या आसपास. एक्सबॉक्स आवृत्तीत तर मारियाची एक छोटी वेगळी कथाही जोडलेली होती. 'सायलेंट हिल २'ला इतके गुण मिळाले, असं नुसतं लिहिणं म्हणजे नमुना क्रमांक न लिहिता वाचन नोंदवणं.

२०२४: पुन्हा एकदा ८६

पोलंडमधल्या क्राकोच्या ब्लूबर टीमने केलेल्या रीमेकची घोषणा ऑक्टोबर २०२२ मध्ये झाली आणि तो ८ ऑक्टोबर २०२४ ला आला. मधली दोन वर्षं अविश्वासाची होती. या स्टुडिओला मनाचे आजार आणि आघात हे विषय नाजूकपणे हाताळता येतील का, ही शंका वारंवार बोलली गेली. २०२४ च्या सुरुवातीला लढाईवर भर देणारा ट्रेलर आला तेव्हा ती आणखी वाढली. लढाईचा ट्रेलर बघून लोक नाराज झाले, हे लक्षात ठेवा. २००१ मध्ये तक्रार होती की लढाई चांगली नाही. २०२४ मध्ये भीती होती की लढाई जास्तच चांगली होईल.

प्रत्यक्षात मूळ गटातले इतो आणि यामाओका या कामात होते आणि गेमचं स्वागत चांगलं झालं. मेटाक्रिटिकवर ८६ च्या आसपास गुण, काही दिवसांतच दहा लाखांवर प्रती. कॅमेरा खांद्यामागे आला, लांबी जवळपास दुप्पट झाली, दोन नवे शेवट जोडले गेले. समीक्षकांपैकी अनेकांनी लढाईतली सुधारणा मान्य केली, तर काहींना वाढलेली लांबी आणि वारंवार येणाऱ्या मारामाऱ्या जड गेल्या. मूळ गेमचा बेंगरूळपणा गेला म्हणून हळहळणारेही होते.

आता ८९ आणि ८६ शेजारी ठेवा. तीन गुणांचा फरक. यावरून 'मूळ गेम किंचित सरस' असा निष्कर्ष काढता येईल का? नाही. २००१ मध्ये समीक्षक एका अनपेक्षित दुसऱ्या भागाला मापत होते. २०२४ मध्ये ते एका मान्यताप्राप्त अभिजात कृतीशी निष्ठा किती राखली, हे मापत होते. मोजपट्टी वेगळी, मोजणारे वेगळे, मोजायची वस्तूही वेगळी. आकडे जवळजवळ आले एवढंच. आणि नुसत्या आकड्यांवर विसंबलात, तर 'असूनही'चं 'मुळे' झालं ही सगळ्यात मोठी उलथापालथ तुम्हाला दिसणारच नाही, कारण आकडा दोन्ही वेळा ऐंशीच्या पुढेच राहिला.

शिवाय तो आकडा बनतो कसा, हेही बघायला हवं. मेटाक्रिटिक सुरू झालं तेच २००१ च्या जानेवारीत. तिथला गुणांक साधी सरासरी नाही. वेगवेगळ्या प्रकाशनांना वेगळं वजन दिलं जातं आणि ते वजन जाहीर केलेलं नाही. चांदण्या आणि अक्षरश्रेणी शंभरात रूपांतरित केल्या जातात. भर इंग्रजी समीक्षांवर आहे. म्हणजे जपानी टीमने केलेल्या गेमच्या '८९' मध्ये जपानी वाचकाचं मत धरलेलं नाही. हे माहीत असून आकडा वापरणं ठीक आहे. न सांगता वापरला, तर तो पुरावा ठरत नाही.

तुमच्या विषयाला हे कसं लावाल?

विषय कोणताही असो, नाटक, कादंबरी, लोककलेचा एखादा प्रयोग किंवा विज्ञानातला वाद, कामाचा क्रम साधारण असा ठेवता येईल.

१. प्रत्येक समीक्षेसमोर तारीख आणि आवृत्ती लिहा. पहिला प्रयोग की शंभरावा, पहिली आवृत्ती की सुधारित, मूळ की अनुवाद. ही दोन रकाने भरल्याशिवाय तिसऱ्याकडे जाऊ नका.

२. वर्णन आणि मूल्य वेगळ्या रकान्यांत ठेवा. 'संवाद तुटक आहेत' हे वर्णन. 'म्हणून कंटाळवाणे' किंवा 'म्हणून परिणामकारक' हे मूल्य. वेगवेगळ्या काळातल्या समीक्षांमध्ये वर्णन सारखं आणि मूल्य उलट दिसलं, की तिथे थांबा. तुमचा प्रबंध बहुधा तिथेच आहे.

३. समीक्षकासमोर कोणते कप्पे होते ते शोधा. त्या काळच्या नियतकालिकाचा साचा, शब्दमर्यादा, मुदत. कप्पा नसल्यामुळे जे लिहिलं गेलं नाही, त्याला 'कळलं नाही' म्हणू नका.

४. साधन टिकलंय की नाही, हे लवकर तपासा. २००१ च्या गेम-समीक्षांचे गुण गोळा करणारी गेमरँकिंग्ज ही साइट २०१९ मध्ये बंद झाली. गेमस्पाय आणि वनअप २०१३ मध्ये बंद झाल्या. जुनी पानं जपणारं वेबॅक मशीन लोकांसाठी खुलं झालं तेच ऑक्टोबर २००१ मध्ये, हा गेम आल्यावर महिन्याभराने. जे सहज सापडतं तेवढ्यावरच इतिहास लिहिला, तर तो टिकलेल्या साइट्सचा इतिहास होतो. आपल्याकडच्या मासिकांचे जुने अंक, नाटकांच्या जाहिराती, दिवाळी अंकांतली परीक्षणं यांनाही हाच नियम लागू आहे. ग्रंथालयात जाऊन अंक हातात घ्या, फोटो काढा, पान क्रमांक लिहा.

५. चिडलेली माणसं शोधा. एखाद्या कृतीत बदल केल्यावर कोण, कशासाठी रागावलं, यावरून त्या काळात काय पवित्र मानलं जात होतं ते कळतं. 'होमकमिंग'मधल्या पिरॅमिड हेडवरचा राग आणि एचडी आवृत्तीतल्या विरळ धुक्यावरचा राग ही दोन उदाहरणं वर आलीच आहेत.

एवढं झालं की मग सिनॉप्सिसमधलं ते वाक्य पुन्हा लिहायला घ्या. 'सायलेंट हिल २'बद्दल ते साधारण असं होईल: 'प्लेस्टेशन २ वरील मूळ आवृत्तीला २००१ मधल्या इंग्रजी समीक्षकांनी वातावरण आणि कथेसाठी गौरवलं. लढाई आणि नियंत्रणाकडे त्यांनी दोष म्हणून पाहिलं. २०१२ पर्यंत हेच दोष अर्थपूर्ण मानले जाऊ लागले होते आणि २०२४ च्या रीमेकचं मूल्यमापन त्याच नव्या वाचनाच्या आधारे झालं.' वाक्य एकाची तीन झाली, पण यातल्या प्रत्येक शब्दावर प्रश्न आला तरी तुमच्याकडे दाखवायला कागद असेल.